आधी पाणी, मग कोरफड



गळीत हंगाम सुरू झाला की फडातलं पाचट, गुऱ्हाळाची काहील आणि तोडकऱ्यांच्या कोपीतली चूल, अशी तीन ठिकाणी आगीशी गाठ पडते. (गुऱ्हाळाला ऊस घालणाऱ्या सभासदांशी आमचा वाद आहे, पण तो इथे नको.) जळिताच्या उसाची नोंद होते, कपातही होते. माणूस भाजला तर मात्र हाताला लागेल ते फासलं जातं: शाई, टूथपेस्ट, तूप, राख.

कोरफडीची गोष्ट निराळी. तिला आजीबाईचा बटवा म्हणून हसण्यावारी नेणे आम्हाला मान्य नाही. २००७ साली थायलंडच्या संशोधकांनी चार अभ्यासांतले ३७१ रुग्ण एकत्र तपासले. कोरफडीने वरवरच्या व मध्यम भाजलेल्या जखमा सरासरी नऊएक दिवस लवकर भरल्याचे त्यांना दिसले. अभ्यास थोडेच, तरी दुर्लक्ष करावे असे नाहीत. आपल्या मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉक्टरांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाची पट्टी बांधून पाहिली व २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पान जखमेला चिकटत नाही, पट्टी बदलताना रुग्ण कळवळत नाही, खर्च नगण्य. पण ते पान निर्जंतुक केलेलं होतं, बांधावरनं तोडून आणलेलं नव्हे!

नेमकं इथेच आपण फसतो. बांधावरची कोरफड मातीच्या हाताने सोलायची, फोड फोडायचे आणि वर गर चोळायचा, म्हणजे औषधाबरोबर धनुर्वाताचे जंतूही आत. पात कापल्यावर निघणारा पिवळा चीक कातडीला झोंबतो. तो निथळू द्यावा, पात धुवावी, आतला पांढरा गर तेवढाच घ्यावा. तोही नुसत्या लाल झालेल्या, न फुटलेल्या कातडीवर, आणि वीस मिनिटं साधं गार पाणी ओतून झाल्यावर.

पाणी आधी का? गूळ उतरवताना पाक ११५ अंशांच्या वर तापलेला असतो आणि अंगाला चिकटून बसतो. वरची आग गेली तरी धग कातडीत उतरतच राहते. ती काढण्याचं काम पाण्याचं. गराचं नाही, बर्फाचं तर नाहीच. अंगठी, बांगड्या सूज चढण्याआधी उतरवाव्यात.

फोड आले, जखम तळहाताहून मोठी असली, तोंड, हात, सांधा भाजला किंवा भाजलेलं मूल असलं, तर पाणी ओतून झाल्यावर झाडपाल्याचा विचारच नको. धुतलेलं सुती कापड सैल झाकून थेट दवाखाना गाठावा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारावं.

आमचे मत असे की टोळीच्या प्रत्येक तळावर भरलेलं पिंप, तांब्या आणि रात्री-अपरात्री निघेल असं एक वाहन हवं, आणि हा खर्च तोडणी-वाहतुकीत धरावा. मुकादमाच्या अंगावर तो टाकला की पिंप कोरडंच राहणार. सभासदांनी वार्षिक सभेत हा विषय लावून धरावा.