सहल ग्रीन गेटच्या आतच सुरू व्हावी

बॅलार्ड पिअरला उतरलेल्या पाहुण्याला आपण पहिल्यांदा काय सांगतो? बस कोणती, परतायचं किती वाजता, जहाजाचं कार्ड गळ्यात आहे ना. मग बस बंदराच्या ग्रीन गेटमधून बाहेर पडते आणि आपला माइक खऱ्या अर्थानं सुरू होतो तो सीएसएमटीसमोर किंवा थेट गेटवेला. मधली सगळी गोदी काचेपलीकडून मुकाट निघून जाते. मुंबईत क्रूझच्या पाहुण्यांची सहल काढणारे आपण सगळेच हे करतो. आता ते थांबवायला हवं.

निमित्त नव्या क्रूझ टर्मिनलच्या भेटीचं आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी उद्घाटन झालेली ही इमारत चार लाख चौरस फुटांहून मोठी आहे. चेक-इन आणि इमिग्रेशनचे ७२ काउंटर, एका वेळी पाच जहाजांची सोय, वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता. पूर्वीच्या टर्मिनलमध्ये पाहुण्यांची रांग सांभाळताना ज्यांचा घसा बसला आहे, त्यांना या आकड्यांचं मोल सांगायला नको. इमारत चांगलीच आहे. पण ती दुबईतही शोभली असती, सिंगापूरमध्येही. आपण मुंबईत उतरलो आहोत हे पाहुण्याला कळण्यासाठी तिथे माणूस लागतो, आणि तो माणूस आपण आहोत.

सांगण्यासारखं किती आहे बघा. शेजारची इंदिरा गोदी १९१४ साली सुरू झाली, तेव्हा तिचं नाव अलेक्झांड्रा डॉक होतं. भरतीओहोटीनं मुंबईचं पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, म्हणून तिला दरवाजे केले आणि आतलं पाणी अडवून ठेवलं. ती खणताना निघालेली माती-दगड समुद्रात भराव म्हणून टाकले. जॉर्ज विटेटनं आखलेली बॅलार्ड इस्टेट त्याच भरावावर उभी आहे. गेटवेही विटेटचाच. म्हणजे ज्या गेटवेची आपण घाई करतो, त्याच्या वास्तुकाराची अख्खी वसाहत आपण बसच्या खिडकीतून दहा सेकंदांत उरकतो.

पिअरच्या फलाटावरून पूर्वी आगगाड्या सुटत. विलायतेहून आलेली टपाल बोट लागली की साहेब बोटीतून उतरून गाडीत बसे आणि थेट पेशावरच्या दिशेनं निघे. फ्रंटियर मेलची कीर्ती त्यातूनच झाली. १९३१च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी आधी बाबासाहेब आंबेडकर ‘मुलतान’ बोटीनं आणि मग गांधीजी ‘राजपुताना’नं, पंधरवड्याच्या अंतरानं याच बंदरातून गेले. भारतीय पाहुण्यांच्या गटाला एवढं एक सांगून पाहा. फोनमध्ये खुपसलेल्या माना वर येतील.

उत्तरेला प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्या होत्या. त्या आता बुजवल्या आहेत, पण त्यांची गोष्ट सांगायला हवी. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोट फुटली. एकाच बोटीत कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकंही. आधी कापूस पेटला. विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, बाकीचे मृत शेकड्यांनी होते. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो यामुळे. सुट्टीवर आलेल्या माणसाला हे कशाला ऐकवायचं, असं काही सहकारी म्हणतात. हेच सहकारी रोमला गेले की कोलोसियममध्ये किती माणसं मेली ते मोजून सांगतात!

मला जास्त खटकते ती कामगाराची गैरहजेरी. बोटी, गव्हर्नर, वास्तुकार एवढं सांगून आपण थांबतो. कोकणातून आणि घाटावरून आलेला माणूस सकाळी गेटवर उभा राहायचा. मजुरांची टोळी उभी करणाऱ्या टोळीवाल्यानं निवडलं तर काम, नाहीतर हात हलवत परत. १९४८चा गोदी कामगार कायदा आणि पुढे आलेलं डॉक लेबर बोर्ड यांनी त्या रोजच्या भरतीला नोंदणी आणि हक्काची पाळी दिली. त्यामागे संघटनेचा लढा होता. गोदी कामगारांचे नेते पी. डिमेलो यांच्या नावाच्या रस्त्यावरून आपली बस रोज जाते, पण ते कोण होते हे किती गाइड सांगतात? पुढे कंटेनर आले. शहराच्या कुशीत अडकलेल्या गोदीत ना तेवढी मोकळी जागा, ना तेवढी खोली. १९८९ साली न्हावा शेवा सुरू झालं आणि कंटेनर पलीकडच्या किनाऱ्याला गेले. लिव्हरपूल किंवा लंडनहून आलेल्या वयस्कर पाहुण्याला हे समजावावं लागत नाही. त्याच्या गावच्या गोद्यांचंही हेच झालं. तिथे संभाषण सुरू होतं, आपलं पाठ केलेलं भाषण आपोआप बाजूला पडतं.

गोदी बंद पडली, असं मात्र चुकूनही सांगू नका. बंदर चालू आहे; कच्चं तेल जवाहर द्वीपला उतरतं, पोलाद आणि मोटारी आजही इथून जातात. म्हणून आवारात पायी फिरता येत नाही, आणि दक्षिणेला नौदलाची गोदी असल्यानं कॅमेऱ्याबाबत पाहुण्यांना उतरण्याआधीच बजावावं लागतं. पण बोलायला पास लागत नाही. टर्मिनलपासून ग्रीन गेटपर्यंत बस सावकाशच जाते, तेवढ्यात गोदीचे दरवाजे, भराव आणि टोळीवाला बसतात. गेटबाहेर पाहुण्यांना उतरवा आणि बॅलार्ड इस्टेटमधून पायी न्या. सावली आहे, पदपथ रुंद आहेत, पोर्ट ट्रस्टचा युद्धस्मारकाचा स्तंभ वाटेत आहे. गट छोटा असेल तर दुपारचं जेवण १९२३पासूनच्या ब्रिटानियात जमतं. मोठा असेल तर तो विचार सोडा, बाहेरच्या रांगेतच तास जाईल.

यासाठी वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न रास्त आहे. जहाज आठ-दहा तास थांबतं, त्यातले दोन वाहतुकीत जातात. माझं उत्तर दुकानांकडे बोट दाखवतं. कुलाब्यातल्या हस्तकलेच्या ‘शोरूम’मध्ये आपण पाहुण्यांना पाऊण तास बसवतो, आणि तो पाऊण तास तिथेच का असतो हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातली वीस मिनिटं काढा. कमिशन थोडं घटेल.