परत वर जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीशी राहा

9 ऑगस्ट 2025 रोजी बारामती विमानतळावर उतरलेल्या एका प्रशिक्षण विमानाचं पुढचं चाक निखळलं. कुणालाही इजा झाली नाही, त्यामुळे बातमी लगेच मागे पडली. याच परिसरात ऑक्टोबर 2023 मध्ये, 19 आणि 22 तारखेला, दोन प्रशिक्षण विमानं कोसळली होती. तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजेच डीजीसीएनं, संबंधित संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. मोठं काही घडलं की यंत्रणा हलते. लहान घटना मात्र ‘पोर थोडक्यात वाचलं’ म्हणून सोडून दिली जाते. खरं तर लहान विमानांच्या प्रशिक्षणात जगभर सर्वाधिक अपघात उतरतानाच होतात आणि त्यांत जीव बहुधा वाचतो. इतक्या कमी किमतीत मिळणारा धडा आपण वाया घालवतो आहोत.

हे अपघात घडतात कसे, ते पाहिलं की उपायही दिसतो. सेस्ना 172 सारखं विमान धावपट्टीकडे सुमारे 65 नॉट, म्हणजे ताशी 120 किलोमीटर वेगानं येतं. वेग 72 नॉट झाला, तर ऊर्जा जवळजवळ 23 टक्क्यांनी वाढते. मग विमान जमिनीला टेकायला तयार होत नाही, तरंगत राहतं आणि धावपट्टी संपत जाते. घाबरलेला विद्यार्थी नाक खाली दाबतो. पुढचं चाक आधी आपटतं, विमान उसळतं. तो पुन्हा दाबतो, पुढची उसळी आणखी मोठी होते. अशा वेळी एकच गोष्ट शहाणपणाची असते: पूर्ण थ्रॉटल देऊन परत वर जाणं, म्हणजेच गो-अराउंड. पाठ्यपुस्तकात हे असतंच. पण एकट्यानं उडणाऱ्या नवख्याच्या मनात ‘सगळे खालून बघताहेत’ हे त्याहून मोठ्यानं बोलत असतं. हा निर्णय त्याच्या हाताला वळण लागल्यासारखा यायला हवा. त्यासाठी इन्स्ट्रक्टरनं चांगल्या चाललेल्या लँडिंगमध्येही अचानक ‘वर जा’ म्हणावं, आणि विद्यार्थी आपणहून वर गेला तर त्याची शाबासकीनं नोंद व्हावी.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येईल, आणि तो हलका नाही. मालगुंडसारख्या गावातलं कुटुंब कर्ज काढून मुलीला बारामतीला, गोंदियाला पाठवतं, तेव्हा त्याला प्रत्येक तास मोजावा लागतो. पण व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या 200 तासांत गो-अराउंडची मिनिटंही धरली जातात. उलट प्रोपेलर जमिनीला घासला, तर इंजिन उघडून तपासावं लागतं आणि विमान कित्येक दिवस जमिनीवर उभं राहतं. तो तोटा सगळ्याच विद्यार्थ्यांचा.

अशा लहान घटनांची माहिती जाहीरही व्हायला हवी. त्यावर दुसरा आक्षेप असा की घटना जाहीर केल्या तर संस्था त्या लपवतील. ही भीती मला खरी वाटते. डीजीसीएनं 2025 मध्ये उड्डाण प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी सुरू केली. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. अशा क्रमवारीत प्रत्येक आपटलेल्या लँडिंगचे गुण कापले, तर कोण ते लिहून ठेवील? म्हणून गुण कापावेत ते दडवलेल्या घटनेचे. संस्थेनं स्वतः कळवलेल्या किरकोळ घटनेला आणि नोंदवलेल्या गो-अराउंडला संरक्षण मिळावं. ती माहिती विद्यार्थ्यांची नावं वगळून दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध व्हावी, म्हणजे फी भरण्यापूर्वी पालकांना ती वाचता येईल.