दिएगो गार्सिया : ‘साहाय्य’ या शब्दाचा हिशेब

लष्करी परिभाषेत ‘साहाय्य’ या शब्दाइतका निरुपद्रवी शब्द दुसरा नसेल. तोफ म्हटली की ऐकणारा सावध होतो. इंधनाच्या टाक्या, गोदामे, दुरुस्तीचे कारखाने, भटारखाना आणि दवाखाना म्हटले की तो निर्धास्त होतो. कन्याकुमारीच्या दक्षिणेस सुमारे १८०० किलोमीटरवर, दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचे जे ठाणे आहे, त्याचे अधिकृत नाव ‘नेव्हल सपोर्ट फॅसिलिटी’, म्हणजे नौदल साहाय्य केंद्र, असे आहे. एखाद्या गुप्त तहाला जमले नसते एवढे या नावाने झाकून ठेवले आहे.

या केंद्राचा जन्मच पांघरुणाखाली झाला. १९७० साली अमेरिकन काँग्रेसकडे पैसा मागितला गेला तो एका साध्या संदेशवहन केंद्रासाठी. मार्च १९७१ मध्ये नौदलाची बांधकाम पथके उतरली आणि १९७३ मध्ये ते केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी अरब-इस्रायल युद्ध झाले, तेलाचे भाव भडकले आणि विस्ताराची मागणी पुढे आली. १ ऑक्टोबर १९७७ रोजी ‘साहाय्य केंद्रा’ची पाटी लागली. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर तर मोजमापच सुटले : सुमारे १२००० फुटांची धावपट्टी, मोठ्या जहाजांसाठी खोल केलेली खाडी आणि रणगाडे व दारूगोळा भरून कायम सज्ज ठेवलेली मालवाहू जहाजे. चंचुप्रवेशाचा मुसळप्रवेश कसा होतो याचा याहून ठळक नमुना सापडणे कठीण.

येथूनच १९९१ मध्ये इराकवर, २००१ मध्ये अफगाणिस्तानवर आणि २००३ मध्ये पुन्हा इराकवर बॉम्बफेकी विमाने झेपावली. हजारो मैल दूरच्या देशाशी लढणाऱ्या सत्तेला सैनिकापेक्षा इंधन, सुटे भाग आणि निवाऱ्याची जागाच अगोदर लागते. तेव्हा साहाय्य केंद्राला युद्धाचा किरकोळ खर्च समजणे ही चूक होय. ते युद्धाचे स्थिर भांडवल आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांना संसदेत कबूल करावे लागले की, २००२ मध्ये बंदिवानांना गुप्तपणे नेणारी दोन अमेरिकन विमाने इंधन भरण्यासाठी येथे थांबली होती. तोवर सरकार असे काही घडल्याचे नाकारत आले होते. नुसते इंधन भरले, एवढेच ते साहाय्य!

आता जमाखर्च पाहावा. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्यापूर्वी, नोव्हेंबर १९६५ मध्ये, ब्रिटनने छागोस द्वीपसमूह त्यापासून तोडला आणि ३० लाख पौंड हातावर ठेवले. अमेरिकेने त्याबदली पोलारिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात ब्रिटनला १ कोटी ४० लाख डॉलरची सूट दिली, तीही आपल्या काँग्रेसला अंधारात ठेवून. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशस यांनी सही केलेल्या ९९ वर्षांच्या कराराने याच तळाचे भाडे वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड ठरवले. म्हणजे १९६५ ची किंमत आजच्या जेमतेम अकरा दिवसांच्या भाड्याइतकी! पौंडाची घसरण हिशेबात धरली तरी ती रक्कम एका वर्षाच्या भाड्याला पुरत नाही. याला व्यवहार म्हणावयाचे असेल तर दरोड्यालाही खरेदी म्हणावे लागेल.

पण या हिशेबाच्या वहीत ज्यांचे पानच नाही ते बेटवासी वेगळेच. फ्रेंच मळेवाल्यांनी आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे हे वंशज. त्यांच्यात भारतातून नेलेल्या करारबद्ध मजुरांचेही रक्त आहे. नारळाच्या मळ्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या राबले. लंडनच्या कागदपत्रांत मात्र ते हंगामी मजूर ठरले, आणि एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तर काही ‘टारझन’ व ‘मॅन फ्रायडे’ अशी त्यांची टवाळी केली. १९६८ ते १९७३ या काळात दीड ते दोन हजार माणसे हलवण्यात आली. औषधोपचारासाठी मॉरिशसला गेलेल्यांना परतीचे जहाजच नाकारले गेले. १९७१ मध्ये मागे राहिलेल्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची कुत्री मारण्यात आली. पुढे तळावर स्वयंपाक, धुलाई, साफसफाईसाठी फिलिपिन्सहून कंत्राटी कामगार आले. ज्यांचे ते बेट, त्यांना मात्र दीर्घकाळ तेथे झाडू मारण्याचीही संधी नव्हती.

डाव्यांनी येथे एक कडू घोट गिळलाच पाहिजे. १९६५ मध्ये हे कृत्य करणारे सरकार हेरल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षाचे होते. २००० मध्ये न्यायालयाने बेटवासीयांच्या बाजूने निकाल दिल्यावर, २००४ मध्ये संसदेला बगल देऊन राजाज्ञेने तो हक्क पुन्हा हिरावणारे सरकारही मजूर पक्षाचेच, टोनी ब्लेअर यांचे. आणि ज्या नव्या कराराचे कौतुक होत आहे त्यातही परतीची वाट आहे ती इतर बेटांवर; दिएगो गार्सियावर नाही.

भारताचे काय? १६ डिसेंबर १९७१ रोजी, ढाक्यात पाकिस्तानी फौजा शरण आल्या त्याच दिवशी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हिंदी महासागर शांतताक्षेत्र घोषित केला. या तळाविरुद्ध तेव्हा दिल्लीचा स्वर खणखणीत होता. मे २०१९ मध्ये आमसभेत मॉरिशसच्या बाजूने पडलेल्या ११६ मतांत भारताचे मत होते. मात्र २०२५ च्या कराराचे स्वागत करताना, त्यात तळाची ९९ वर्षांची तरतूद आहे याचा दिल्लीला खेद वाटला नाही. चीनच्या नौदलाची धास्ती हे त्यामागचे कारण सांगितले जाते. धास्ती खोटी नसेलही. पण परक्याच्या तळावर सुरक्षितता शोधणारा देश अलिप्तता कोणत्या तोंडाने सांगणार?

त्याहून अवघड प्रश्न आगालेगाचा. मॉरिशसच्याच या, सुमारे ३०० वस्तीच्या, बेटावर भारताने बांधलेल्या ३००० मीटरच्या धावपट्टीचे व जेट्टीचे उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. तेथून कोणालाही हुसकावलेले नाही, आणि हा लष्करी तळ नव्हे असे दोन्ही सरकारे सांगतात. दिएगो गार्सियाचे ‘साधे संदेशवहन केंद्र’ हेही एके काळी सरकारी आश्वासनच होते. तेव्हा धावपट्टी कोण, कशासाठी आणि कोणत्या अटींवर वापरणार, हे सांगणारा संपूर्ण करार लोकसभेच्या पटलावर ठेवावा आणि आगालेगाच्या रहिवाशांनाही त्यांच्या भाषेत तो वाचावयास मिळावा, ही मागणी भारतातल्या समाजवाद्यांनी आधी दिल्लीकडे केली पाहिजे. वॉशिंग्टनकडे बोट दाखवणे त्यानंतर.