शेताची वाट मोकळी व्हावी

जो शेतकरी आपल्या शेताचा मालक आहे, त्याला त्याच शेतात बैलगाडी नेण्यासाठी शेजाऱ्याची मर्जी राखावी लागत असेल, तर त्या मालकीला अर्थ तो काय उरला? नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल झाला की खताचे पोते डोक्यावरून न्यावे लागते. सोयाबीनच्या राशीच्या वेळी मळणीयंत्र बांधाशीच अडते. मालाचे मोल बाजारात ठरते खरे, परंतु पुष्कळदा ते पाणंदीतच घटते.

या वाटा पूर्वी नव्हत्या असे नाही. गावाच्या जुन्या नकाशात त्या तुटक रेषांनी दाखविलेल्या आजही दिसतात. पुढे वारसांच्या वाटण्या झाल्या, जमिनीचे तुकडे पडले, बांध कोरले गेले, आणि नकाशातील वाट नांगराखाली गेली. भावकीतला वाद मग फौजदारीपर्यंत जातो.

कायदाच नाही, अशी तक्रार कोणास करता येणार नाही. वहिवाटीची वाट कोणी अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये तहसीलदारास तो अडथळा दूर करविता येतो. मात्र दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते, आणि निर्णय देताना शेतकऱ्याची वाजवी गरज पाहावी, असे ते कलमच सांगते. त्या निर्णयाविरुद्ध वर्षभरात दिवाणी दावा करता येतो. तेव्हा वाण आहे ती कलमांची नव्हे. ती नोंदीची आणि अंमलाची आहे. एका हंगामात मोकळी झालेली वाट पुढल्या हंगामात पुन्हा नांगरली जाते, आणि दाद मागणारा पुन्हा तहसीलीच्या पायरीशी येतो.

मे २०२५ मध्ये राज्याच्या महसूल विभागाने शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंद असावा व त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी, असा निर्णय काढला. त्याचे आम्ही स्वागत करतो. परंतु शासननिर्णय म्हणजे कायदा नव्हे. अर्जदारापुरती नोंद करून भागणार नाही. नकाशातील प्रत्येक वाट मोजून, ज्या ज्या गटांतून ती जाते त्या सर्वांच्या उताऱ्यांवर ती चढविण्याचे बंधन संहितेतच घातले पाहिजे. तसेच कलम ८५ खाली जमिनीची वाटणी करताना प्रत्येक हिश्श्याला वाट ठेवल्याखेरीज वाटणी मंजूर होऊ नये. तंट्याचे मूळ तेथेच आहे, आणि उपायही तेथेच हवा.

लहान शेतकऱ्याचा आक्षेप आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. ४ मीटर रुंद वाट १०० मीटर नेली, तर सुमारे ४ गुंठे जमीन जाते. दोन एकरांच्या धन्यास हा विसावा हिस्सा होय. म्हणूनच वाट बांधाच्या दोन्ही अंगांस सारखी काढावी, आणि जेथे एकाच्याच जमिनीतून ती न्यावी लागेल, तेथे त्याला मोबदला मिळावा. न्याय मागणाऱ्याने दुसऱ्यावर अन्याय करू नये.

इंग्लंडने १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक पाऊलवाटांचे अधिकृत नकाशे करविले, आणि त्या नकाशात वाट असणे हाच तिच्या हक्काचा निर्णायक पुरावा ठरला. तेथे अनेकांना वाट हवी होती ती फिरावयास. आमच्या शेतकऱ्याला ती पोटासाठी हवी आहे. ज्या मराठवाड्याने १९४८ मध्ये निजामी राजवटीचे जोखड झुगारले, तेथील कुणब्याला स्वतःच्या शेतात जावयास परवानगी मागावी लागावी, हे आम्हा सर्वांस शोभणारे नाही. विधिमंडळाने हे काम हाती घ्यावे. आणि तोवर दोन्ही जिल्ह्यांच्या तहसीलदारांनी हातातील कलमे तरी पुढील पेरणीपूर्वी वापरून दाखवावीत.