अमेरिकेचें स्वावलंबन

अमेरिका ही स्वावलंबनाची जन्मभूमि; तेथें जो तो स्वतःच्या मनगटाच्या जोरावर वर आला; गोरगरिबांस सरकारनें पोसण्याचें खूळ १९३५ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं काढलें आणि तेव्हांपासून त्या राष्ट्राच्या तेजास ओहोटी लागली, असें मत आमच्या सुशिक्षित वर्गांत वारंवार ऐकूं येतें. ज्यांचीं मुलें-नातवंडें त्या देशांत स्थायिक झालीं आहेत, अशा घरांतून तर तें वेदवाक्यच होऊन बसलें आहे. आमच्या मतें यांत इतिहासही नाहीं आणि न्यायही नाहीं.

प्रथम इतिहास पाहूं. गांवांतील निराधारांचा भार गांवच्या करांतून उचलावा, हें इंग्लंडच्या १६०१ च्या कायद्यांतील तत्त्व वसाहतवाल्यांनीं आपल्याबरोबरच नेलें होतें. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानें नव्या वस्तीकरांस १६० एकर जमीन नाममात्र शुल्कावर मिळाली. ती मुळांत कोणाची होती, हें तेथील आदिवासींस विचारावें. यादवी युद्धांतील सैनिकांचें पेन्शन तर १८९० च्या कायद्यानें इतकें सैल झालें कीं, अपंगत्व युद्धामुळेंच आलें असलें पाहिजे ही अटही उरली नाहीं. आणि लौकरच मध्यवर्ती सरकारच्या खर्चाचा तृतीयांशाहून अधिक भाग त्यावर जाऊं लागला. १९११ सालीं इलिनॉय राज्यानें निराधार मातांस वेतन सुरू केलें व पुढील दहा वर्षांत बहुतेक राज्यांनीं त्याचें अनुकरण केलें. रूझवेल्ट यांच्या पूर्वींचें हें ‘स्वावलंबन’ असें होतें!

मग वाद कशाचा होता? द्यावें कीं न द्यावें याचा नव्हे; कोणास द्यावें याचा. डोरोथिया डिक्स या बाईंनीं निर्धन वेड्यांसाठीं सरकारी जमीन मागितली. काँग्रेसनें तें विधेयक मंजूर केलें. परंतु दानधर्म हें मध्यवर्ती सरकारचें काम नव्हे, असें सांगून अध्यक्ष पिअर्स यांनीं १८५४ सालीं तें फेटाळलें. आठच वर्षांनीं त्याच राष्ट्रानें शेतकऱ्यांस आणि रेल्वे-कंपन्यांस जमिनी बहाल केल्या. वेड्यास दिली तर तें दान, आणि कंपनीस दिली तर ती राष्ट्रोन्नति!

हाच भेद १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यांतही शिरला. कामगार व मालक यांच्या वर्गणीवर उभें राहिलेलें वृद्ध-वेतन हा हक्क ठरला. गरीब मातेस मिळणारी मदत मात्र चौकशीच्या आणि उपकाराच्या पायरीवरच राहिली. शेतमजूर आणि घरकाम करणारे नोकर त्या वृद्ध-वेतनांतून वगळले गेले, आणि कृष्णवर्णीय कामकऱ्यांपैकीं बहुसंख्य याच धंद्यांत होते. हेतु कांहींही असो, फळ उघड आहे. ही उणीव पुष्कळशी भरून येण्यास १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्या याव्या लागल्या. पुढें १९९६ सालीं अध्यक्ष क्लिंटन यांच्या कारकीर्दींत गरीब मातांच्या मदतीची हमी काढून घेऊन तीस कामाची अट व सामान्यतः पांच वर्षांची मर्यादा घालण्यांत आली. वृद्ध-वेतनास मात्र त्या वेळीं हात लावला गेला नाहीं.

मदतीनें माणूस आळशी होतो, हा प्रतिपक्षाचा हुकमी मुद्दा. काम करूं शकणाऱ्यास कामाकडे वळवावें, याविषयीं आमचाही वाद नाहीं. परंतु हा नियम सर्वांस सारखा कां लागूं नये? घरासाठीं काढलेल्या कर्जाच्या व्याजावर करांत सूट घेणारा गृहस्थ सरकारी साह्यच घेत असतो. त्यास कोणी आळशी म्हणत नाहीं. आणि साह्यानें काय साधतें तेंही पाहावें. १९५९ सालीं अमेरिकेंतील वृद्धांपैकीं सुमारें ३५ टक्के दारिद्र्यरेषेखालीं होते. एकविसाव्या शतकांत तें प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आलें आहे. यांत वृद्ध-वेतनाचा वांटा सर्वांत मोठा आहे. वृद्धांस देऊन राष्ट्र बुडालें नाहीं, तर मातांस देऊन तें कसें बुडेल?

स्वावलंबन हा थोर गुण आहे. परंतु तो दुसऱ्यास शिकवण्याचा नसून स्वतः आचरण्याचा आहे. स्वतःच्या घरीं येणाऱ्या पेन्शनीस जो हक्क म्हणतो, त्यानें शेजारच्या विधवेस मिळणाऱ्या मदतीस भीक म्हणूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.