मुद्दल वाळूचे

गेल्या वर्षी मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. तिला समुद्रकाठचे एक छोटे घर घ्यायचे होते, तीस वर्षांच्या कर्जावर. मी आयुष्यभर कर्जाचे कागद तपासलेले. म्हणून घर पाहायला मला नेले. घरासमोर दोन पुरुष उंचीचा वाळूचा बांध होता.

"समुद्रातून आणून घातलाय, बाबा," ती म्हणाली. "आता भीती नाही."

२०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळाने हा किनारा झोडपला. जिथे रुंद पुळण आणि वाळूचे बांध होते, तिथे मागच्या घरांचे नुकसान तुलनेने कमी झाले. साहजिकच वाळूची मागणी वाढली. पण समुद्रात ती आहे कुठे आणि किती? त्यासाठी केंद्र सरकारच्या खात्याने २०१५-१६ मध्ये मॅसॅच्युसेट्सपासून फ्लॉरिडापर्यंत, किनाऱ्यापासून तीन ते आठ सागरी मैलांच्या पट्ट्यात शोध घेतला. जहाजावरून ध्वनिलहरी सोडून तळाखालचे थर पाहिले, मग थरथरत्या पोकळ नळ्या तळात खुपसून नमुने काढले. दाणा किनाऱ्यावरच्या वाळूशी जुळावा लागतो. फार बारीक असला तर लाटा तो लवकर ओढून नेतात.

हे काम मला मनापासून आवडले. शिल्लक न पाहता चेक फाडणाऱ्यांचे काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. पण पासबुकात आकडा दिसला की हात शिवशिवतात, हेही पाहिले आहे. या साठ्यांतले पुष्कळसे हिमयुगातले आहेत. तेव्हा समुद्र शंभराहून अधिक मीटर खाली होता आणि आजचा तळ जमीन होता. हे व्याज नव्हे, मुद्दल आहे. एकदा उपसले की आपल्या हयातीत भरून येणे नाही. शिवाय तळाच्या त्याच उंचवट्यांवर मासळी पोसते, त्यावर कोळ्यांची पोटे चालतात. आणि किनाऱ्यावर टाकलेली वाळू काही वर्षांत वाहून जाते. पुन्हा टाकावी लागते.

म्हणून माझे मत असे: मोजणी जरूर करावी, पण वहीत 'हात लावायचा नाही' असाही एक रकाना असावा. आणि दर खेपेला विचारावे, वाळू पुढे टाकायची की घर मागे घ्यायचे? न्यू जर्सीतच 'ब्लू एकर्स' योजनेखाली सरकार पुराच्या तोंडची घरे मालकांच्या राजीखुशीने विकत घेते आणि जागा मोकळी सोडते.

मुलीला एवढेच म्हणालो, "तुझे कर्ज तीस वर्षांचे. तारण मात्र चार-सहा वर्षांच्या वाळूचे. मी बँकेत असतो तर सही केली नसती."

ती दोन दिवस अबोल होती. घर तिने अजून घेतलेले नाही.