चाईचा आजार आणि बुडणारी रोजंदारी

डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला की आपल्याकडे ‘चाई लागली, केसांना कीड लागली’ म्हणतात आणि लसूण चोळून कातडी भाजून घेतात. शिरूर-दौंडच्या वस्त्यांत आम्हाला हे नेहमी दिसते. चाईत कीड नसते. शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटते. शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. एका कंगव्याने, शेजारी बसल्याने तो पसरत नाही. एखादाच चट्टा असेल तर वर्षभरात बहुतेकांचे केस परत येतात. लहान मुलांच्या डोक्यात खपल्या, खाज असेल तर तो नायटा असू शकतो. तो पसरतो, त्याचे औषध वेगळे. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा.

चट्टे वाढले तर दर चार-सहा आठवड्यांनी त्यात इंजेक्शने घ्यावी लागतात. ससूनमध्ये उपचार स्वस्त आहेत, पण पुण्याची एक फेरी म्हणजे अख्खा दिवस. रांजणगाव, कुरकुंभच्या कारखान्यात ठेक्यावर असलेल्या बाईचा खाडा पडतो, शेतमजूर बाईची रोजंदारी बुडते. सहा फेऱ्या म्हणजे सहा दिवसांची मजुरी, वर गाडीभाडे. सगळे केस गेलेल्यांसाठी बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या आहेत. अमेरिकेत या आजारासाठी त्यांना २०२२ मध्ये मान्यता मिळाली. पण त्या महिनोन्महिने घ्यायच्या, शिवाय रक्ततपासण्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल रुग्णांसाठी आहे; अशा उपचाराला तिचा फारसा उपयोग होत नाही.

पैशाइतकाच मनावरही भार येतो. मुली शाळा टाळतात, सोयरिकी अडतात, बाया पदराखाली डोके लपवून कुढत राहतात.

२०२४ च्या अखेरीस बुलढाण्यातील शेगाव तालुक्यात गावोगावी लोकांचे केस गळू लागले, तेव्हा आयसीएमआरचे पथक आले. तो प्रकार चाईचा नव्हता. पण आजार गावभर झाला की पथक येते, चाई मात्र घराघरांत एकेकाला गाठते आणि कोणाच्या नोंदीत येत नाही.

आमची मागणी साधी आहे. दौंडच्या उपजिल्हा आणि शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून ठरलेल्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञ बसावा, इंजेक्शन तिथेच मिळावे, थायरॉइडची तपासणी आणि मानसिक समुपदेशन मोफत व्हावे. हा ठराव यंदाच्या ग्रामसभेत आपणच मांडू या. तोवर चाई असलेल्या मुलीला वर्गात वेगळे बसवू देऊ नका.